मुक्काम पोस्ट मंगल कार्यालय

आपत्तीत धावून जाणाऱ्या माणसांबद्दल वर्तमानपत्रांत भरभरून छापून येतं. पण ही माणसं रात्री झोपतात कुठे, याची चौकशी कोणी करत नाही. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात आम्ही झोपत होतो ते एका मंगल कार्यालयात. कार्यालय चढावर असल्यामुळे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या तिथवर पोचल्या नव्हत्या आणि करोनामुळे वऱ्हाडंही पोचत नव्हती. मालकांनी किल्ली हातात ठेवली, भाड्याचं नाव काढू दिलं नाही. अट एकच : भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

बायकांना वधूपक्षाची खोली, पुरुषांना वरपक्षाची आणि उरलेल्यांना हॉलमध्ये सतरंजी, अशी वाटणी कोणी न सांगताच झाली. मग लक्षात आलं की वरपक्षाच्या खोलीला कमोड आणि गीझर आहे, वधूपक्षाला नुसती मोरी आणि एक बालदी. पहिल्याच रात्री मुलींनी सामानासकट पक्षांतर केलं. महाराष्ट्रात पक्षांतराला एवढं सबळ कारण क्वचितच मिळतं. पुढे कळलं की वीजच नसल्यामुळे गीझर फक्त शोभेला आहे, पण तोवर खाती वाटून झाली होती. उशिरा आलेल्यांना स्टेजवर जागा मिळाली. त्यांच्या डोक्यावर थर्माकोलची ‘शुभविवाह’ ही अक्षरं आणि समोरच्या भिंतीवर ‘दो गज की दूरी’चा फलक. आमच्यात दोन वीत अंतर होतं, तेही कूस बदलेपर्यंत.

आमच्यात ज्येष्ठता वयावर नव्हे, आपत्तींवर मोजली जायची. २०१९ ला सांगलीच्या पुरात काम केलेला पंचविशीतला पोरगा नवख्या प्राध्यापकांना खुशाल ‘अरे’ म्हणायचा. पण सगळ्यांच्या वर होते किल्लारीवाले काका. १९७९ साली मोरवीचं मच्छू धरण फुटलं तेव्हा ते कॉलेज सोडून गेले होते. मग १९९३ ला किल्लारीचा भूकंप, २००१ ला भूजचा. त्यांच्यासमोर तक्रार करायची सोय नव्हती. खिचडी पातळ झाली म्हणावं, तर किल्लारीला ताटं नव्हती, पत्र्याच्या तुकड्यावर खिचडी घेतली होती. सतरंजी टोचते म्हणावं, तर, “अरे, इथल्या एस.टी. आगाराचा मॅनेजर नऊ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून होता, भर पुरात. तुला सतरंजी टोचते?” यावर काय बोलणार?

काकांचं सगळंच आदरणीय होतं, घोरणं सोडून. भूजला म्हणे ते तंबूत घोरू लागले आणि शेजारचे दोघे भूकंपाचा नवा धक्का समजून अंथरुणासकट बाहेर पळाले. ही गोष्ट सांगायचे तेच, आणि अभिमानाने. शेवटी रात्रीच्या बैठकीत ठराव आला की घोरणाऱ्यांनी स्टेजवर झोपावं. हात वर करा म्हटल्यावर एकही हात वर झाला नाही. दुसऱ्याचं नाव मात्र प्रत्येकाने सुचवलं. ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब.

पूर कशामुळे आला, यावरची चर्चाही रोज रात्री अशीच तहकूब व्हायची. एक गट कोळकेवाडी धरणातून आलेल्या पाण्यावर ठाम, दुसरा वाशिष्ठीच्या पात्रात साठलेल्या गाळावर, तिसरा भरतीच्या वेळेवर. जनरेटर बंद झाला की तिन्ही गट एकदम गप्प. कारण त्या अंधारात आपला फोन किती टक्क्यांवर आहे हीच प्रत्येकाची चिंता. एका एक्स्टेन्शन बोर्डाभोवती इतके चार्जर, की कोणी कोणाची वायर काढून स्वतःची लावली यावरून दोन सज्जन माणसं एकमेकांना ‘आपण’ म्हणून भांडली. मी इतकं सभ्य आणि इतकं कडवट भांडण पाहिलेलं नाही.

सकाळी गमबूट. ते दारात एकत्र काढायचे आणि सकाळी हाताला लागतील ते घालायचे. डावा सातचा, उजवा नऊचा, अशा थाटात आमची पलटण फावडी, घमेली, खराटे घेऊन बाजारपेठेकडे उतरायची. निघण्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून गोळी असायची. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, म्हणून पोहे आधी. त्यामुळे एरवी नऊला उठणारेही सातला ताट घेऊन रांगेत दिसायचे. रोगाच्या भीतीपेक्षा पोहे संपण्याची भीती जास्त परिणामकारक ठरते, हे मी आरोग्य खात्याला फुकट सांगू इच्छितो.

आषाढातल्या कोकणात कपडा वाळत नाही, तो फक्त कमी ओला होतो. त्यात आमच्या एका मित्राचे सगळेच कपडे एकदम भिजले. मदत म्हणून आलेल्या गाठोड्यांत त्याच्या मापाचं एकच वस्त्र निघालं : जरीची शेरवानी. पूरग्रस्तांना शेरवानी पाठवणाऱ्या त्या दात्याला मी आजही मनोमन शोधतो आहे. मित्र ती घालून कार्यालयातून बाहेर आला, खिचडीचं पातेलं उचललं आणि टेम्पोकडे चालू लागला. रस्त्यावरून जाणारे एक आजोबा थांबले, छत्री काखेत मारून त्यांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, “कार्य साधेपणानं करताय, हे बरं केलंत हो.”

बाजारपेठेमागच्या एका घरातला गाळ दुपारपर्यंत काढला. गुडघाभर होता. घरातल्या आजींनी भिंतीवरची २००५ च्या पाण्याची खूण दाखवली, मग तिच्या वर कुठवर ओल चढली तेही दाखवलं, एखाद्या नातवाची उंची दाखवावी तशी. बसायला एक कोरडी वस्तू घरात नव्हती. तरी त्यांनी शेजारच्या वरच्या मजल्यावरून चहा करून आणवला आणि आम्ही उभ्याने प्यायलो. निघताना म्हणाल्या, “आता गाळ काढायला आलात, मे महिन्यात आंबे खायला या. पण एवढे सगळे एकदम नको हो.”

पुन्हा कुठेतरी पूर येईल आणि तुम्हाला जावंसं वाटेल. जरूर जा. जाताना स्वतःचं ताट-वाटी, आपल्या मापाचे आणि आत नाव लिहिलेले गमबूट, एक बालदी आणि चार्जरची लांब वायर न्या. घोरत असाल तर नाव नोंदवतानाच सांगा. आणि जाणं जमणार नसेल तर शेरवानी पाठवू नका, खराटे पाठवा.