हरकत नाही, चारच सूचना

प्रति,
मा. नियोजनकार साहेब,
नियोजित तळेकाठची नगरी, वरसगाव धरणाच्या फुगवट्यालगत.

विषय : तळे, सामाईक उद्यान व पायवाटा यांस आमची हरकत नसल्याबाबत.

महोदय,

आपल्या नगरीचे माहितीपत्रक गावात पोचले. कागद फार गुळगुळीत असल्याने भजी बांधायला चालेना, म्हणून वाचून काढले. निळेशार तळे, काठाला हिरवळ, हिरवळीतून वळणावळणाची वाट आणि तीवर पळणारे एक गोरे जोडपे. जोडपे आमच्या मोसे खोऱ्यातले वाटले नाही. तळे मात्र ओळखले. त्याच्या पोटात आमचे गाव आहे. आमची कशालाही हरकत नाही. सूचना तेवढ्या चार आहेत.

पहिली सूचना पाण्याची. चित्रातले पाणी सप्टेंबरातले आहे. वरसगाव 12.82 टीएमसी भरले की आमचेही डोळे निवतात. पण हे पाणी बघण्यासाठी अडवलेले नाही. ते खडकवासल्यात उतरते, तिथून पुण्याच्या नळांना आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना जाते. उन्हाळी आवर्तन सुटले की पाणी मागे सरू लागते आणि मे महिन्यात आपल्या ‘लेक व्ह्यू’ सज्जातून भेगाळलेला गाळ दिसतो. तेव्हा बंगल्यांचे पावसाळी आणि उन्हाळी असे दोन दर ठेवावेत. गाळात बुडालेल्या घरांची जोती उघडी पडली, तर ‘हेरिटेज’ म्हणून जादा आकार लावावा. त्यातले एखादे आमच्या वडिलांच्या घराचे निघाले, तरी आम्ही हिस्सा मागणार नाही.

दुसरी, उद्यानाची. एवढ्या मोठ्या आराखड्यात 10 टक्के जागा मोकळी सोडणे नियमानेच भाग आहे. तरी आपण ती दानधर्मासारखी जाहीर केलीत, हा आपला मोठेपणा. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही, हेही आपण जाणता. म्हणूनच की काय, नकाशातले उद्यान नेमके त्या कड्यावर आहे, जिथे वानरसुद्धा विचार करून बसते. ज्येष्ठ नागरिकांचे बाकही तिथेच दाखवले आहेत. त्यांना दोर पुरवावेत.

तिसरी, पायवाटेची. आपला ‘नेचर ट्रेल’ आमच्या म्हशींनी पाडलेला आहे. पाण्यावर, शाळेत आणि मसणवटीत जायला आम्हाला ती एकच वाट. तिच्या तोंडाशी आपण फाटक आणि पहारेकरी दाखवला आहे. ठीक आहे. म्हशींना ओळखपत्रे द्यावीत, त्या फोटोला उभ्या राहतील. मयताला मात्र पाहुण्यांच्या वहीत सही करणे जमणार नाही. तेवढी सवलत असावी.

चौथी जरा नाजूक. सांडपाणी शुद्ध करून बागेला देणार, असे आपण लिहिता. मे महिन्यात उत्तम. पण जुलैत आमच्याकडे हिरवळ स्वतःच पाण्यात उभी असते, ती आणखी काय पिणार? मग ते पाणी उताराने निघेल, आणि इथला प्रत्येक उतार धरणात संपतो. शुद्धीकरणाचे यंत्र बंद पडले, तर आपले रहिवासी सकाळी जे सोडतील ते पुण्यातल्या त्यांच्याच भावकीकडे पोचेल. नाती टिकवण्याचा हा मार्ग आम्हाला सुचला नसता. कायदाही आपल्याला अनुकूल आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनुसार पूररेषेपासून 50 मीटरपर्यंत पक्के बांधकाम चालत नाही. पण पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांतून वगळले आहेत. बदकांच्या तळ्याला जे संरक्षण, ते पुणेकरांच्या पिण्याच्या पाण्याला या नियमांत नाही. आपल्या वकिलांनी हे वाचले असेलच.

शेजारचा दाखला आपल्याला नवा नाही. याच फुगवट्यावर इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर लवासा उभे राहिले. 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस आली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. पोर्तोफिनोकरांचे एक बरे आहे : त्यांचा समुद्र इंदापूरच्या उसाला सोडावा लागत नाही.

तरी एक विनंती. नकाशा घेऊन एकदा मे महिन्यात या. पाणी कुठवर चढते आणि कुठवर उतरते, ते आम्ही दाखवू. त्याच्या काठचा पट्टा सगळ्यांसाठी मोकळा सोडा, आमची वाट फाटकाशिवाय त्याला जोडा, सांडपाण्याची जुलैतली सोय आधी दाखवा. आणि मग उरलेल्या जागेत किती बंगले बसतात ते मोजा. बसले तर पेढे आमचे. नाही बसले, तर बंगले कमी करावेत. धरण थोडे सरकवण्याचा प्रस्ताव कृपया पाठवू नये. त्यासाठी पुन्हा आम्हालाच उठावे लागेल.

आपला नम्र,
एक धरणग्रस्त