सातपोर्टे काकाजी

डब्यावर काय छापलंय ते न वाचता वस्तू हातावर तोलून, बोटाच्या पेरानं वाजवून घेणाऱ्या माणसांची एक जात असते. भद्रावतीत ती जरा जास्तच सापडते. ग्रामोदय संघाच्या मातीकामाचं हे गाव. मडकं टिचकी मारून पारखायची खोड इथल्या बोटांतच मुरलेली. काकाजींनी नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून सात पोर्टांचा यूएसबी हब आणला, तो असाच वाजवून. "आवाज पक्का आहे," म्हणाले. पोकळ प्लास्टिकच्या डबीतून दुसरा कोणता आवाज येणार होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. गल्लीतल्या पोट्ट्यांनी मात्र त्याच आठवड्यात त्यांचं आडनाव सातपोर्टे करून टाकलं आणि काकाजींनी ते आनंदानं लावूनही घेतलं.

"साडेचारशे सांगत होता. दोनशेत आणला. सात पोर्ट! पोर्टामागं तीस रुपयेही नाही पडत."

पोर्टांना दोनशेनं भागायचं की दोनशेला पोर्टांनी, एवढाच काय तो काकाजींचा विद्युतशास्त्राशी संबंध. खरा भागाकार वेगळा होता. साध्या यूएसबी पोर्टानं ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात. सात पोर्ट एकदम राबवायचे तर साडेतीन अँपिअर हवेत. सोबतच्या काळ्या अडॅप्टरवर छापले होते दोन; आणि असल्या अडॅप्टरवरचा आकडा लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्ताइतपतच धरायचा असतो. शिवाय 'सात' हा आकडाही फार मोठ्या विचारानं आलेला नसतो. आत चार-चार पोर्टांच्या दोन चिप असतात. पहिलीचं एक पोर्ट दुसरीला जोडण्यात खर्ची पडतं, उरतात सात.

हे मी समजावून सांगितलं तर काकाजी म्हणाले, "मंग? एकाचे सात करणं गुन्हा आहे का? २०२१ साली सरकारनं आमच्या आयुध निर्माणी बोर्डाच्या सात कंपन्या केल्याच न!"

मुळात यूएसबीचा घाट नव्वदच्या दशकात घातला तोही सात कंपन्यांनी मिळून. पण हे त्यांना सांगितलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी आणखी एक हब घेऊन आले असते.

काकाजी निर्माणीतून रिटायर झालेले. आमच्या गावाचं एक आहे: स्टेशनचं नाव भांदक, निर्माणीचं नाव चांदा, आणि भद्रावती हे नाव नगरपालिकेला नि भद्रनागाच्या देवळाला उरलेलं. तर या चांदा निर्माणीत काकाजींची उभी नोकरी बारूदखान्यात गेली. काड्यापेटी फाटकावर जमा. आत वेगळे जोडे. ठिणगी पडू नये म्हणून पितळेची हत्यारं. दारात धातूच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरवायची, मगच आत पाय. हे सगळे नियम काकाजींनी न चुकता पाळले, आणि ते सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. मला वाटतं, सगळी सावधगिरी त्यांनी रिटायरमेंटच्या दिवशी ओळखपत्रासोबत फाटकावरच परत केली असावी. कारण घरी तो अडॅप्टर खिडकीच्या पडद्यामागं, एका एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या दुसऱ्या एक्स्टेंशन बोर्डाला लोंबकळत असतो. हबावर काकूंनी विणलेला रुमाल. वर गणपती, गवराळ्याच्या जत्रेतला.

"काकाजी, गरम होते हा."

"मे महिन्यात भद्रावतीत काय गरम नाही होत? मी पण होतो."

छेचाळीस-सत्तेचाळीस अंशांच्या गावात या युक्तिवादाला उत्तर नाही. तरी खरं सांगायचं तर भीती त्या हबाची कमी, अडॅप्टरची जास्त. हबात पाच व्होल्ट. अडॅप्टरच्या एका अंगाला मात्र भिंतीतले २३० व्होल्ट असतात. आतल्या पट्टीवर ही दोन अंगं एकमेकांपासून पाच-सहा मिलिमीटर तरी लांब ठेवायची, मधल्या ट्रान्सफॉर्मरला नीट आवरण घालायचं, दोन्ही बाजूंना सांधणारा कपॅसिटर खास त्या कामाचाच वापरायचा, ही स्वस्त कारखान्यात सगळ्यात आधी वाचवली जाणारी खर्चाची कलमं. बाहेरून काही कळत नाही. दिवा तसाच निळा लागतो. आणि काकाजींचा सगळा विश्वास दिव्यावर. दिवा लागला म्हणजे वस्तू चांगली, दोन लागले म्हणजे फारच चांगली.

सात पोर्टांत काय काय होतं म्हणता? प्रिंटर, माऊस, कीबोर्ड, दोन मोबाईल, टेबलावरचा चिमुकला पंखा, आणि नातवाच्या बारशापासूनचे फोटो असलेली हार्ड डिस्क. पंखा चालू केला की हार्ड डिस्क "टिक टिक" करायची आणि कॉम्प्युटर "टुण्ण" करून ती निघाल्याचं जाहीर करायचा. मग "टुणुक" करून ती परत यायची. काकाजी म्हणायचे, "आली गेली मोजून राहिली." वीज कमी पडली की डिस्कची चाकं पुरती फिरत नाहीत आणि लिहिता लिहिता मान टाकली तर फोटोही जातात, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा काकूंनी सांगितलं, वेगळ्या शब्दांत: "अवो, तो पंखा बंद करा, पोराचं बारसं गचके खाऊन राहिलं!" तेव्हा पंखा बंद झाला.

एक चमत्कार मात्र ते आल्यागेल्याला दाखवायचे. कॉम्प्युटर बंद करायचे, त्याची वायर भिंतीतून काढायचे, तरी कॅबिनेटवरचा दिवा मिणमिणत राहायचा. "पाय! बिना विजेचा!" वास्तविक हबाच्या अडॅप्टरची वीज उलटी कॉम्प्युटरात शिरत होती. ती अडवणारा दोन-चार रुपयांचा भाग बनवणाऱ्यानं गाळला होता. मदरबोर्डाला हे सोसत नाही, असं मी म्हणालो. काकाजींनी चंद्रपूरच्या दिशेनं बोट केलं: "अरे, तिथं २९२० मेगावॅटचं केंद्र आहे. आपल्या उशाशी एवढी वीज तयार होते, अन् तू मले मिलीअँपिअर मोजायले लावून राहिला?"

नोव्हेंबरात मात्र प्रकरण गंभीर झालं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करण्याचा महिना. २०१४ पासून हे काम जीवन प्रमाणच्या रूपानं बोटाच्या ठशावर होतं आणि ठसा घेणारं यंत्र यूएसबीवर चालतं. काकाजींनी ते आणून हबात खोचलं नि निर्माणीतले जुने सोबती घरी बोलावले. चहा झाला. पहिले गृहस्थ बसले, बोट ठेवलं, यंत्राचा लाल दिवा लागला, तेवढ्यात कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावला आणि "टुण्ण". यंत्र गायब. परत बोट, परत टुण्ण. पडद्यावर अक्षरं आली की उपकरण सापडत नाही; बसलेल्यांनी त्याचा अर्थ लावला की माणूस सापडत नाही. "माझं नाव कटलं का जी?" असं ते बिचारे इतक्या हळू विचारत होते की काकाजीही पहिल्यांदा घाबरले. मी ते यंत्र हबातून काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात लावलं. पाच मिनिटांत सगळे जिवंत.

"म्हणजे हब चांगला आहे," काकाजी म्हणाले, "यंत्रालेच त्याची सवय नाही."

हा काकाजींचा विशेष. वस्तू बिघडली तर दोष वस्तूचा कधीच नसतो. दोनशे रुपयांत तोडून आणलेल्या वस्तूचा तर नसतोच नसतो. मूळ अडॅप्टर एके रात्री करपट वास सोडून निवर्तला, तेव्हा त्यांनी सेट टॉप बॉक्सचा काढून लावला. पिन अगदी बरोबर बसली. पिनेला काय, ती बारा व्होल्टांचीही तशीच असते. टेबलावरचा तो चिमुकला पंखा आयुष्यात पहिल्यांदा पंख्यासारखा फिरला, विमानासारखा आवाज केला आणि कायमचा थांबला. माऊसही त्याच्यामागून गेला. हार्ड डिस्क त्या दिवशी लेकाकडे होती, म्हणून बारसं वाचलं.

मी मेलेला अडॅप्टर हातात घेऊन त्यांना शिकवायला बसलो. आपल्याकडे सरकारी आदेशानं अशा अडॅप्टरची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी असेल तर मानकाच्या क्रमांकासोबत 'आर' आणि पुढं आकडे छापलेले असतात, आणि ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो नंबर तपासता येतो. काकाजींनी चष्मा लावला. त्यांच्या अडॅप्टरवर 'सीई' होतं, कचऱ्याच्या पेटीवर फुली होती, घर होतं, दोन चौकोन होते. 'आर' तेवढा नव्हता. "एवढे शिक्के तर माझ्या सर्व्हिस बुकात नाही," ते म्हणाले.

एका बाबतीत ते मला निरुत्तर करतात, तेही नोंदवलं पाहिजे. "महागाचा म्हणजे चांगला, हे तुले कोणी सांगितलं?" बरोबर आहे. हजार रुपयांच्या खोक्यातही कधी कधी तीच पट्टी असते, वर डबी तेवढी गुळगुळीत. किमतीवरून आतलं कळत नाही. पण टिचकीवरूनही कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

शेवटी दिवाळीला मीच त्यांना एक अडॅप्टर दिला. पाच व्होल्ट, चार अँपिअर, नोंदणीचा नंबर तपासून घेतलेला. काकाजींनी तो हातावर तोलला, वाजवला, किंमत विचारली. ऐकून क्षणभर बसूनच राहिले. मग काकूंना हाक मारली.

गेल्या आठवड्यात गेलो तर हबाला कुठला तरी जुना मोबाईलचा चार्जर, वायर कापून, टेप गुंडाळून जोडलेला. मी दिलेला अडॅप्टर कुठं आहे विचारलं. काकूंनी कपाट उघडून दाखवला. खोक्यासकट, पॉलिथिनमध्ये, चांदीच्या वाटीशेजारी.

"एवढी महागाची वस्तू," काकाजी म्हणाले, "रोज कायले वापरायची?"