सुरमई ताजीच आहे!

समजा, उद्या कुणी कोकणातल्या बुरोंडी गावावर व्हिडिओ गेम काढला. उंचावरचा परशुरामाचा पुतळा, समुद्र, होड्या, सगळं हुबेहूब उतरेल. काळजी आहे ती मासे विकणाऱ्या काकूंची. लुटारूंनी किनारा पेटवलाय, होड्या धडधडा जळतायत आणि काकू निवांत: ‘घ्या दादा, सुरमई ताजी आहे.’ दादा स्वतः पेटले तरी सुरमई ताजीच! आवाज मुंबईच्या थंडगार स्टुडिओत कधीच भरून ठेवलेला. आगीची वर्दी तिथे कोण देणार?

खऱ्या गेममध्येही हेच: २०११च्या ‘स्कायरिम’मधले पहारेकरी गुडघ्यात लागलेल्या बाणाचं रडगाणं इतक्यांदा गात, की जगभर त्याची टिंगल झाली. त्याआधीच, २००८च्या ‘लेफ्ट फोर डेड’ने यावर तोड काढली होती. पात्र कोण, जवळ कोण, जखमी किती, अशा अटी प्रत्येक वाक्याला लावायच्या; ज्याच्या सर्वाधिक अटी जुळतील ते वाक्य बोलायचं. म्हणजे बिचाऱ्या नटाने आधीच माइकसमोर कण्हून, ओरडून, धापा टाकून ठेवायचं. कुणावर, ते नंतर ठरेल.

आमच्या कोकणातल्या ‘नमन’ या लोकनाट्यातल्या मावशीला मात्र अटीबिटी ठाऊक नाहीत. गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली ही बाई (मिशी काढलेला बाप्याच तो!) मध्येच वीज गेली तर वायरमनला झोडपते, पुढारी उशिरा आले तर त्यांच्याकडूनच कृष्णाच्या वाटचा कर मागते. तिला स्टुडिओत नेलंच, तर काचेपलीकडच्या साहेबाने आपली टोपी सांभाळावी.