मशेरीची साक्ष
भिवंडीत धामणकर नाक्यावर यंत्रमागाची पाळी सुटली की अनेकांचा क्रम ठरलेला: गोड कटिंग, मग पुडी. गुटख्यावर २०१२पासून राज्यात बंदी आहे, एवढीच काय ती अडचण. घरी मशेरी असतेच. तिने म्हणे दात घट्ट होतात. तंबाखू भाजून कुटला की औषध होते, हे केंद्र सरकारला मात्र पटले नाही. १९९२ साली दंतमंजनातल्या तंबाखूवर बंदी आली. ‘पण हिरड्यांतून रक्त येत नाही!’ बरोबर, निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. धोक्याची घंटा काढून ठेवली म्हणजे जणू आग विझली. राहिला आजीचा दाखला: ऐंशीव्या वर्षी दात शाबूत. असतील. ज्या आज्यांचे पडले, त्यांना साक्षीला कुणी बोलावलेच नाही. शिवाय आजी दिवसाला सहा कटिंग रिचवत नव्हती.