मुलीची पाच विशेषणं

आमच्या पिढीने अकरावी केली याचा एकमेव पुरावा म्हणजे गुणपत्रिका. त्याखेरीज कुठलाही मागमूस शिल्लक नाही. दहावीने पिळून काढलेलं असायचं, बारावी पुढे दबा धरून बसलेली असायची, आणि मधलं वर्ष हे आपण आपल्यालाच दिलेलं बक्षीस होतं. पहिल्यांदा युनिफॉर्मशिवाय घराबाहेर पडायचं, कँटीनमध्ये उधारी सुरू करायची, फिजिक्सच्या जर्नलमधल्या आकृत्या मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवायच्या आणि ‘अकरावीत कोणी नापास करत नाही’ या श्रद्धेवर वार्षिक परीक्षा द्यायची. अकरावीत आपल्याला केमिस्ट्री कोणी शिकवली, हे माझा नवरा आजही सांगू शकत नाही. तो केमिकल इंजिनिअर आहे.

अशा दोन माणसांची मुलगी न्यू जर्सीत अकरावीला आली. इथे त्या वर्षाला ज्युनियर इयर म्हणतात, आणि घरात गंभीर आजारी माणूस असावा तसं त्याच्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. कारण साधं आहे. कॉलेजचे अर्ज बारावीच्या पहिल्या सहामाहीत जातात. त्या वेळी पूर्ण वर्षाचे म्हणून जे शेवटचे ग्रेड हातात असतात, ते अकरावीचे. म्हणजे आम्ही ज्या वर्षी सिनेमे पाहिले, त्या वर्षावर इथे सगळं ठरतं.

आमच्या घरात याचं आश्चर्य वाटलं नाही ते फक्त सासूबाईंना. त्या सांगलीला असतात आणि जुन्या अकरावीवाल्या आहेत. दहावीची पहिली एसएससी १९७५ साली झाली. त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीलाच असायची. सासूबाई १९६८ च्या. “अकरावीच महत्त्वाची असते,” त्या व्हिडिओ कॉलवर शांतपणे म्हणाल्या, “मधे तुमच्या वेळीच काय ते बिघडलं होतं.” अमेरिकन शिक्षणपद्धती आणि सांगलीची शाळा एका बाजूला, आणि आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला, असं पक्षबल मग वर्षभर राहिलं.

मे महिना उजाडला तशा एपीच्या परीक्षा आल्या. महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत या होतात. कॉलेजच्या पातळीचा विषय शाळेतच शिकायचा आणि त्याची देशभर एकच परीक्षा द्यायची. गुण एक ते पाच. नवऱ्याने वाचून काढलं की काही विषयांत सत्तर टक्क्यांच्या आसपास उत्तरं बरोबर आली तरी पाच मिळू शकतात. त्याला हे फार लागलं. “सत्तर टक्क्यांना पैकीच्या पैकी?” तो दोन दिवस पुन्हा पुन्हा म्हणत होता. आपल्या सगळ्या जुन्या मार्कांचं फेरमूल्यांकन व्हावं, असा एक विचार त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

पण खरा धक्का पेपर झाल्यावर बसला. पेपर सुटला की मुलाला फाटकातच गाठून ‘किती सुटतील?’ विचारणं, हा मराठी पालकाचा जन्मसिद्ध हक्क आहे. आम्ही गाडीत तयारीनिशी बसलो होतो. ती मागे बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, “आय कान्ट डिस्कस इट.” बहुपर्यायी प्रश्नांबद्दल कोणाशी बोलायचं नाही, असं मुलांकडून कबूल करून घेतात म्हणे. नवऱ्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “निदान सोपा होता का अवघड, एवढं तरी?” ती खिडकीबाहेर बघत राहिली. एवढी गुप्तता आमच्या ओळखीत फक्त एका कुटुंबाने पाळली होती, आणि त्यांच्याकडे पळून जाऊन लग्न झालं होतं.

निकाल जुलैत. तोवर एसएटी. ही सोळाशे मार्कांची; पूर्वी तीन तास चालायची, आता संगणकावर सव्वादोन तासांत आटोपते. तिच्यात एक मेख आहे. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग चांगला सोडवला तर दुसरा जास्त अवघड येतो. हे ऐकून नवरा म्हणाला, “काम नीट केलं की आणखी अवघड काम. यांनी मुलांना नोकरीसाठी तयार करायला घेतलंय.”

या दिवसांत मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं जोखमीचं होतं. एरवी एकमेकांच्या घराच्या हप्त्यापासून पित्ताशयापर्यंत सगळं ठाऊक असलेली माणसं अकरावीच्या मुलांबद्दल तोंडातून अक्षर काढत नाहीत. “कुठे अप्लाय करणार आहे?” “छे, अजून काहीच ठरलं नाही.” हे म्हणणाऱ्या बाईंनी नववीपासून खासगी सल्लागार नेमलेला असतो. पुरुषमंडळी आमरसाच्या वाट्या घेऊन कोपऱ्यात उभी राहतात आणि फी या विषयावर येतात. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांचा सगळा खर्च आता वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या पुढे गेलाय. हा आकडा उच्चारला की थोडा वेळ कोणी बोलत नाही, मग कोणीतरी रटगर्सची स्तुती सुरू करतं. रटगर्स आमच्या राज्याचं विद्यापीठ, १७६६ पासूनचं, उत्तम आहे. पण त्याची इतकी मनापासून स्तुती मी फक्त त्या आकड्यानंतरच ऐकली आहे.

कॉलेजं बघून यायची असतात, हाही नवा भाग. आम्ही आपलं कॉलेज प्रवेश मिळाल्यावर पाहिलं होतं. घराजवळ म्हणून आधी प्रिन्स्टनला गेलो. एक हसतमुख विद्यार्थिनी आमच्याकडे तोंड करून उलटी चालत माहिती देते आणि चाळीस पालक ती कधी पडेल या काळजीने काहीच ऐकत नाहीत. तिथे रस्त्याच्या बाजूला फिट्झरँडॉल्फ गेट नावाचं देखणं फाटक आहे. पदवी मिळण्याआधी त्या फाटकातून जो विद्यार्थी बाहेर पडतो त्याला पदवीच मिळत नाही, असा मुलांचा समज आहे. माझा नवरा कॉलेजात असताना अंनिसच्या शिबिरांना जायचा. लिंबू-मिरचीवर पाय देऊन दाखवायचा. त्या दिवशी आमची गाडी फाटकाच्या अगदी समोर होती आणि तो आम्हा दोघींना केवढा वळसा घालून बाजूच्या वाटेने घेऊन गेला. “सावली होती तिकडून,” तो म्हणाला. ढग दाटून आले होते.

प्रॉमबद्दल, म्हणजे शाळेच्या नृत्यसमारंभाबद्दल, मी फार लिहिणार नाही. एकाच रंगाचा, एकाच कापाचा ड्रेस दोघींनी घालू नये म्हणून मुलींचा एक ऑनलाइन ग्रुप असतो आणि त्यात प्रत्येकीने आपला ड्रेस आधी जाहीर करायचा असतो, एवढं सांगते. या पिढीची नियोजनशक्ती इतिहासाच्या प्रोजेक्टला कुठे जाते, ते विचारू नये.

मेच्या अखेरीस शाळेच्या कौन्सेलरबाईंकडून एक फॉर्म आला. मुलीसाठी नाही, आमच्यासाठी.

त्याचं असं असतं. कॉलेजला मुलांच्या अर्जाबरोबर कौन्सेलरचं पत्र जातं. एकेका कौन्सेलरकडे दोन-अडीचशे मुलं. त्यांतलं कोण कसं आहे हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार? म्हणून ती उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पालकांकडूनच मजकूर मागवते. पहिलाच प्रश्न: आपल्या पाल्याचं वर्णन पाच विशेषणांत करा. दुसरा: तिचा स्वभाव दाखवणारा एखादा प्रसंग लिहा. तिसरा: तिने कोणत्या अडचणीवर मात केली? आणि वर ठळक अक्षरांत सूचना, संकोच करू नका, मोकळेपणाने कौतुक करा.

आता हे आम्हाला कसं जमायचं? आपल्याकडे स्वतःच्या मुलाला चांगलं म्हणत नाहीत. दुसऱ्याने म्हटलं तरी “कसलं काय, घरी येऊन बघा” असं म्हणून ते कौतुक जमिनीला टेकायच्या आत हाणून पाडायचं असतं. माझ्या बारावीच्या निकालावर माझे वडील ‘ठीक’ एवढंच म्हणाले होते, आणि त्या दिवशी घरात एक किलो श्रीखंड आलं होतं. फॉर्ममध्ये श्रीखंड आणायला जागा नव्हती.

रात्री साडेनऊला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. सांगलीत सकाळचे सात वाजले होते, त्यामुळे सासूबाई टॅबवर हजर होत्या. नवऱ्याने पहिलं विशेषण सुचवलं: हट्टी. ते खोडलं. मग तो म्हणाला, “जिद्दी लिही, तेच ते.” सासूबाई म्हणाल्या, “उंच लिहा. आपल्या घराण्यात एवढी कोणी नाही.” मी म्हटलं, “आई, गुण विचारलेत.” “उंची काय अवगुण आहे?” मी ‘मनमिळाऊ’ लिहिलं. नवऱ्याने ‘कष्टाळू’ घातलं. सासूबाईंनी ‘मोठ्यांचा मान राखणारी’ हे एकच विशेषण आहे असं बजावून सांगितलं. सगळं ओळीने वाचून पाहिलं तर वधूवर सूचक मंडळाचा अर्ज तयार झाला होता. फक्त पत्रिका आणि अपेक्षा तेवढ्या राहिल्या होत्या.

अडचणीवर मात, इथे तर पेनच उचलेना. तिला अडचण येऊ नये म्हणून आम्ही दोघं वीस वर्षं राबलो, आणि ते आता अंगाशी आलं. “दोन दिवस वायफाय बंद होतं ना मागे?” नवरा म्हणाला. माझी नजर पाहून त्याने ते मागे घेतलं.

राहिला प्रसंग. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “माझं लाइटबिल लिही की.”

झालंय असं की, सासरे गेल्यापासून महावितरणचं बिल भरायचं काम नातीकडे आहे. म्हणजे भरतात आजीच, फोनवरून. पण शेजारी टॅब साखरेच्या डब्याला टेकवून उभा असतो आणि त्यातून नात एकेक पायरी सांगते. आजींना चष्मा कधीच सापडत नाही, म्हणून बारा आकडी ग्राहक क्रमांक नातीनेच पाठ केलाय. तो ती दर महिन्याला मराठी आकड्यांत सांगते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळते, आजी दुरुस्त करतात. मग आजी आपला पिन खणखणीत आवाजात जाहीर करतात, ही इथून ओरडते, “आजी! पिन सांगायचा नसतो!”, आणि आजी म्हणतात, “तुलाच तर सांगतेय.” एपीच्या आठवड्यातही हे चुकलं नव्हतं.

मला हा प्रसंग पसंत पडला. नवऱ्याला इतका पसंत पडला की त्याने लॅपटॉप ओढून घेतला. कॉलेजच्या अर्जात दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाला दीडशे अक्षरांची मर्यादा. त्याने तिथल्या तिथे मसुदा टाकला: ज्येष्ठ नागरिक डिजिटल साक्षरता उपक्रम, संस्थापक व अध्यक्ष, ग्रामीण भारत.

“सांगली ग्रामीण कधीपासून?” सासूबाई म्हणाल्या. “इथे महानगरपालिका आहे.”

“आई, त्यांना कळत नाही.”

“आणि मी त्यात कोण?”

“तू लाभार्थी.”

हा शब्द नको होता. लाडकी बहीण योजना पासष्टाव्या वर्षी संपते हे कळल्यापासून लाभार्थी या जमातीविषयी सासूबाईंच्या मनात अढी आहे. “मला काय मिळतं रे?” त्या म्हणाल्या. “बिल माझं, पैसे माझे, पिन माझा.”

एवढ्यात अध्यक्ष स्वतः पाणी प्यायला खाली आल्या. एका हातात बाटली, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. स्क्रीन वाचली. “बाबा, हे काय आहे?” बाबांनी उपक्रमाची व्याप्ती सांगितली. गेली तीन वर्षं चालू आहे, सातत्य आहे, आंतरराष्ट्रीय आहे. तिने बाटली भरली, झाकण लावलं.

“ती आजी आहे बाबा,” ती म्हणाली. “अ‍ॅक्टिव्हिटी नाहीये.”

नवऱ्याने ते पुसलं, पण लगेच नाही. आधी त्याने ‘ग्रामीण’ काढून पाहिलं, मग ‘डिजिटल’ काढून पाहिलं, मग ‘संस्थापक’ ठेवून ‘अध्यक्ष’ काढलं. काही केल्या आजी त्यात बसेनात.

शेवटी फॉर्म मी भरला. साधं लिहिलं, दर महिन्याला आजीचं लाइटबिल भरायला मदत करते. विशेषणांत उंच राहू दिलं. पाचवं सुचत नव्हतं आणि ते निदान मोजून दाखवता येण्यासारखं होतं. पाठवल्याबरोबर उत्तर आलं. संगणकानेच धाडलेलं: आपण दिलेल्या सविस्तर माहितीबद्दल आभार, निबंधाच्या कार्यशाळेची नोंदणी चालू आहे, कॉलेजांचा सामाईक अर्ज, म्हणजे कॉमन अ‍ॅप, एक ऑगस्टला उघडेल. निबंध साडेसहाशे शब्दांचा, विषय साधारणपणे ‘मी कोण आहे’. मुलीला विचारलं, सुचतंय का काही? ती म्हणाली, “मला आधी झोपू दे.”

टॅब अजून चालूच होता. कोणी बंदच केला नव्हता. सासूबाई चहा घेऊन परत येऊन बसल्या होत्या आणि कधीपासून कोणीतरी आपल्याकडे बघेल याची वाट पाहत होत्या.

“तुमचं झालं असेल तर,” त्या म्हणाल्या, “अध्यक्षांना बोलवा. कालच बिल आलंय, आणि या वेळेस बाराशे चाळीस लावलेत. पंखा एकच चालतो माझा.”