थांबा, फाईल आणतो

नवा पोपट घरी आणलेल्या माणसाला जिन्यात गाठून "काय म्हणतोय पोपट?" असं विचारू नये. शेजारधर्म म्हणून विचाराल आणि हातातली दुधाची पिशवी कोमट होईपर्यंत तिथंच उभे राहाल. एक तर पोपट अजून काहीच म्हणत नसतो. दुसरं म्हणजे तो नुसता पोपट नसतो, आफ्रिकन ग्रे असतो. त्याला घराणं असतं, पायात कडी असते, आहारतज्ज्ञ असतो आणि मुख्य म्हणजे कागदपत्रं असतात.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हा मान नानांकडे आहे. नानांनी उभी हयात सरकारी खात्यात टिपणं लिहिली. निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांच्याकडे एकही प्रकरण नव्हतं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी अकरा पानी टिपण काढलं, पण ते कुणी वाचलं नाही. मग पंत आले.

पंत म्हणजे तो पक्षी. राखाडी अंगरखा, मागे लालभडक शेपूट, आणि समोरच्याचं म्हणणं मान तिरकी करून ऐकून घ्यायची, पण निर्णय राखून ठेवायची सवय. नाव शोभलं. पुढे अडचण आली ती डीएनएमुळे. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे पीस प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. अहवाल आला, मादी. माईंना वाटलं आता नाव बदलेल. पण नानांनी फाईलवर नाव घालून टाकलं होतं, आणि नोंदीत खाडाखोड त्यांना आयुष्यात कधी चालली नाही. तेव्हा आमच्याकडे पंत आहेत, ते बाई आहेत, आणि पुढेमागे अंडं घातलं तर कुणी आश्चर्य व्यक्त करायचं नाही, असं तोंडी कळवण्यात आलं आहे.

आगमनाच्या रविवारी सगळ्या मजल्यांना बोलावणं होतं. दारात चपला, मग साबणानं हात, मग अत्तर लावलंय का याची चौकशी. आत गेल्यावर मोठ्यानं बोलायचं नाही. आम्ही बारा-पंधरा माणसं दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून उभे, आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात पंत एका पायावर उभे राहून झोपलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा वर ढकलून पाहिलं.

"अरे नाना, आजारी आहे का हा? रंग उडालाय सगळा."

"आजी, हा असाच असतो."

"लहान आहे म्हणून असेल. हिरवा कधी होतो?"

"थांबा," नाना म्हणाले, "फाईल आणतो."

फाईल म्हणजे जाडजूड बॉक्स फाईल. पाठीवर पांढरी पट्टी, तिच्यावर सुवाच्य अक्षरात "पंत (चालू)". आत रंगीत कागदांनी पाडलेले कप्पे: जन्म, कडी, डीएनए, शासन, वजन, डोळे, आहार, किरकोळ. डोळ्यांचा वेगळा कप्पा का, तर पिल्लाची बुबुळं काळपट असतात आणि वर्ष-दोन वर्षांत फिकट पिवळी होत जातात. नाना दर रविवारी डोळ्यांचा फोटो काढून तारखेसह चिकटवतात. कडीचा कप्पा त्यांना सगळ्यात प्रिय. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असताना ही अखंड कडी पायात सरकवावी लागते. पुढे पंजा मोठा झाला की ती घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. म्हणजे हा पक्षी जंगलातून धरून आणलेला नाही, माणसाच्या हाताखाली जन्मला, याचा तो पुरावा. नाना हे सांगताना कडीवरचा नंबर न बघता म्हणतात. माईंचा मोबाईल नंबर त्यांना अजून पाठ नाही.

"साठ साठ वर्षं जगतात हे," नाना त्या दिवशी आजींना म्हणाले.

"आणि तू रे?"

नाना क्षणभर थांबले आणि पुन्हा फाईल चाळायला लागले. त्यात याचं उत्तर नव्हतं, पण त्यांनी बराच वेळ चाळली.

आजींचा खरा मुद्दा वेगळाच होता. आमच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षावर रोज संध्याकाळी हिरव्या पोपटांचा थवा उतरतो आणि असा कल्ला करतो, की बातम्यांचा आवाज वाढवावा लागतो. एवढे फुकटचे पोपट दारात असताना स्कूटरच्या पैशात रंग उडालेला एक कशाला, असं त्यांचं म्हणणं. नानांनी शासनाचा कप्पा उघडला. दारातला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आजींच्या माहेरच्या ओसरीवर जो "विठू विठू" म्हणत लोंबकळायचा, तो आज असता तर वडिलांना दंड भरावा लागला असता. परदेशी पक्ष्याचं मात्र तसं नाही. कायदा २०२२ मध्ये दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी केली की आफ्रिकेतल्या जंगलचा पक्षी कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये कायदेशीर नांदू शकतो. आपल्या झाडावरचा नाही.

"म्हणजे घरच्याला बंदी आणि पाहुण्याला फॉर्म," आजी म्हणाल्या. नानांनी हे वाक्य 'किरकोळ'मध्ये टिपून घेतलं असावं.

पण पाहुण्याची बाजूही साधी नाही, आणि ती नाना लपवत नाहीत, हे मानलं पाहिजे. घाना, कॅमेरून, काँगो या पट्ट्यातली ही पाखरं जाळी लावून इतकी पकडली गेली, की घानात नव्वद टक्क्यांहून जास्त संपली. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला जगभरच्या सरकारांची परिषद भरली आणि या जातीला सगळ्यात कडक यादीत टाकलं. पकडून आणलेल्यांचा धंदा कागदावर तरी बंद झाला. नाना हे सांगतात, कागद दाखवतात, आणि मग पंतांना डाळिंबाचे दाणे द्यायला उठतात. दुर्मिळ झाल्याशिवाय आपण कुणाची फाईल उघडत नाही, ही सवय खात्याचीच असेल असं मला आधी वाटायचं.

फाईल दाखवणं एकवेळ परवडलं. फाईल बाहेर पडायला लागली तेव्हा त्रास सुरू झाला. एका सकाळी नाना आमच्या दारात उभे. आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात.

"तुमचा डोशाचा तवा कोणता?"

मला वाटलं माईंना हवा असेल. पण चौकशी होती. नॉनस्टिकचा तवा रिकामा जास्त तापला की त्यातून जो वायू निघतो, त्यानं पक्षी बसल्या जागी मरतो. हे खरं आहे, मी नंतर खात्री करून घेतली. त्या वेळी मात्र हातात उलथणं धरून मी एवढंच म्हणालो, की डोसा अर्धा झालाय.

"थांबा, फाईल आणतो," नाना म्हणाले.

आमच्याकडे आता बिडाचा तवा आहे. पहिले काही आठवडे आम्ही डोसे खरवडून खाल्ले. त्यांच्याकडे तर माईंची उदबत्ती गॅलरीत गेली, कापूर गेला, बाथरूममधली सुगंधी वडी गेली, आणि उकडीच्या मोदकांसाठी आणलेला वजनकाटा पंतांकडे गेला. रोज सकाळी सातला पंत काट्यावर चढतात, नाना आकडा लिहितात. चारशे बारा ग्रॅम, चारशे नऊ ग्रॅम. तीन ग्रॅम कमी झाले की घरात सुतक.

"माझी साखर इतकी वर्षं वर-खाली होतेय," माई मला म्हणाल्या, "तिचा एक कागद यांच्याकडे नाही."

आहाराच्या कप्प्यात पॅकबंद दाण्यांची आयात केलेली पिशवी होती. पंतांनी ती तीन दिवस पायानं खाली ढकलली. आजींनी न विचारता वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि एक लवंगी मिरची आणून ठेवली. पंतांनी डाव्या पायात मिरची धरली, देठ वेगळं केलं, आणि बी एकेक करून सावकाश खाल्लं. नाना पांढरे पडले. पण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा कळतच नाही, त्यांच्या तोंडाला ते जाणवत नाही, हे त्यांना रात्री कुठंतरी सापडलं. सकाळी आहारात नोंद पडली: "मिरची, अनुमत. (सौ. आजी यांच्या सूचनेवरून.)"

मग शिक्षण. आफ्रिकन ग्रे आणलेल्या माणसाकडून अॅलेक्सची गोष्ट ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेनं १९७७ मध्ये शिकागोजवळच्या दुकानातून एक साधा पोपट घेतला आणि त्याला रंग, आकार, वस्तू, सहापर्यंतचे आकडे शिकवले. शंभरावर शब्द त्याला येत. नाना ही खरेदी आपण शेजारी उभं राहून पाहिल्यासारखी सांगतात. अॅलेक्स २००७ मध्ये गेला, एकतीस वर्षांचा होऊन, हे मात्र सांगत नाहीत. साठ वर्षांच्या हिशेबात ते बसत नाही.

रोज दुपारी चार ते पाच शिकवणी. टेबलावर सोसायटीच्या किल्ल्या, बुचं, माईंच्या बांगड्या. "पंत, हिरवी किल्ली कुठली?" पंत किल्ली उचलत आणि पिंजऱ्यातल्या पाण्यात टाकत. "पंत, म्हणा, विठ्ठल." पंत निर्णय राखून ठेवत. वर्षाच्या आसपास हे पक्षी बोलायला लागतात म्हणून नानांनी 'उच्चार' नावाचा नवा कप्पा केला होता आणि तो महिनोन्‌महिने कोरा होता.

आधी पंतांना कुकरची शिट्टी आली. माईंनी त्यांच्या तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला आणि घरानं कच्चा भात खाल्ला. मग दाराची बेल. मग एके दिवशी मी तिथं चहाला बसलो असताना कोपऱ्यातून आवाज आला, "आई गं." अगदी नानांचा. गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतून उठताना नाना जो काढतात तो, "आई"वर जोर आणि "गं" सोडून दिल्यासारखा. आतून माई ओरडल्या, "हळू उठा!" नाना माझ्यासमोर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं, आणि फाईल न आणता खिडकीकडे तोंड करून हसले. त्यांनी 'उच्चार'मध्ये काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

पंत आता दिवसातून बऱ्याचदा "आई गं" म्हणतात आणि माई दर वेळी "हळू उठा" म्हणतात. माहीत असूनही.

दिवाळीत बंगळूरचा मुलगा आला. या जातीच्या अंगावरून पांढरी पूड सतत गळत असते, काळ्या टीव्हीवर तासाभरात थर बसतो. मुलगा दोन दिवस शिंकला आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलात गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, "बाबांना वेड लागलंय, तुम्ही तरी समजवा." मी मान हलवली. समजवायला म्हणून संध्याकाळी गेलोही.

दार उघडंच होतं. नाना पिंजऱ्याशेजारी पाटावर बसलेले, चष्मा कपाळावर. पंतांनी मान खाली घालून पिसं फुलवली होती. नवं पीस येताना त्यावर मेणासारखी पातळ खोळ असते. अंगावरची पाखरू चोचीनं काढतं. डोक्यावर आणि मानेमागे त्याची चोच पोचत नाही, तिथली थव्यातला जोडीदार काढून देतो. आमच्या इमारतीत थवा नाही. नाना अंगठ्याच्या नखानं एकेक खोळ अलगद चुरडत होते. पांढरा भुगा त्यांच्या लेंग्यावर पडत होता, आणि दर वेळी आतून एक राखाडी पीस कडेला पांढरी रेघ घेऊन उलगडत होतं. कोवळं पीस दाबलं गेलं की पंत हलकेच चोचीनं नानांचं बोट बाजूला करत, आणि नाना "चुकलं, चुकलं" म्हणत. सरकारी नोकरीत हा शब्द त्यांनी कधी वापरला असेल असं वाटत नाही. मी समजवणं पुढच्या वेळेवर ढकलून आलो.

त्यानंतर काही दिवसांनी नाना स्वतःच आमच्याकडे आले. फाईल काखेत. या वेळी "थांबा" म्हणावं लागलं नाही. शेवटी एक नवा कप्पा होता. त्यावर शीर्षक नव्हतं. आत एकच कागद, खात्याच्या जुन्या पद्धतीनं डावीकडे समास सोडलेला. 'पश्चात व्यवस्था'. नाव, वय, पक्ष्याशी नातं, ही सगळी घरं रिकामी.

"तुम्ही माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान," नाना म्हणाले. "मुलगा शिंकतो. माईंना ते झेपायचं नाही. आणि बिडाचा तवा तुमच्याकडे आधीच आहे."

मी म्हटलं, "नाना, हिशेब करा ना. साठातली पंचवीस-तीस मी काढीन फार तर. पुढे?"

हा मुद्दा त्यांनी विचारात घेतलेला दिसला. आमची मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. त्यांनी तिला वय विचारलं. ती म्हणाली, तेरा. नानांनी खिशातून पेन्सिल काढून ते समासात लिहिलं.

"पेन्सिलीनं का?" मी विचारलं.

"तिची लेखी संमती यायची आहे," नाना म्हणाले. "तुमच्या आधारची झेरॉक्स मात्र उद्या द्या. दोन्ही बाजू."