कवितेचे रसग्रहण: न वाचता कसे करावे

प्रथम कवितेला हात लावू नये, पेन्सिल घ्यावी. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा पाहून पुढे यमकाप्रमाणे ए, बी, सी लिहीत जावे. वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता असेल तर ए-बी-ए-बी-सी-सी येते, चारही कडव्यांत तेच. अर्थ लागो न लागो, गुण पडतो.

मग अलंकार. 'लाइक' दिसला की सिमिली. फुले नाचू लागली की पर्सॉनिफिकेशन, दहा हजार भरली की हायपरबोली. अलिटरेशन कुठेही सापडते. काहीच सुचले नाही तर इन्व्हर्शन ठोकून द्यावे. इंग्रजी कवी शब्द सरळ क्रमाने लिहितात असा आरोप अजून कोणी केलेला नाही.

डॅफोडिल कसे असते, हे विचारू नये. बाईंनीही ते कॅलेंडरवरच पाहिलेले असते. डोळ्यांसमोर झेंडू आणावा; उत्तरात मात्र आणू नये.

मध्यवर्ती कल्पनेसाठी "निसर्ग माणसाला आनंद देतो" हे वाक्य घोकावे. झाड, पाऊस, पक्षी, सगळ्यांना चालते. कवितेत रस्ता असेल, म्हणजे फ्रॉस्ट असेल, तर "माणसाने वेगळी वाट निवडावी" असे लिहावे. खरे तर कुठल्याही वाटेने गेला तरी दुसरीसाठी हळहळणाऱ्या एडवर्ड टॉमस या मित्राची फ्रॉस्टने त्यात थट्टा केली होती, आणि दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या आहेत हे कवितेतच आहे. पण थट्टेला गुण नाहीत.

खरा धोका शेवटच्या बाकावरून येतो: "बाई, डॅफोडिल्स पाहिली तेव्हा वर्डस्वर्थ, कवितेत म्हणतो तसा, खरंच एकटा होता का?" नव्हता. 15 एप्रिल 1802 रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी धाकटी बहीण डॉरोथी बरोबर होती. तिने ती फुले रोजनिशीत टिपून ठेवली. कविता त्यानंतर दोनेक वर्षांनी लिहिली गेली आणि 1807 मध्ये छापून आली. त्यातल्या ज्या दोन ओळी कवीला स्वतःला सर्वोत्तम वाटत, त्या बायकोने, मेरीने, सुचवलेल्या. म्हणजे एकटेपणाच्या या कवितेला घरची तीन माणसे लागली. बाई म्हणतील, "हे सिलॅबसमध्ये नाही." त्यांचे खरे आहे. उत्तराच्या साच्यात कवीच्या नावापुढे एकच ओळ असते आणि तिथे "निसर्गकवी" लिहिले की ती भरते.

परीक्षा झाल्यावर गाईड खालच्या वर्गातल्या मुलाला अर्ध्या किमतीत विकावे. ए, बी, सी आधीच घातलेले असतील तर दहा रुपये जास्त मागावेत.